पाठीमागचे हात

शर्टाच्या बटणाला दोन टाके पडले होते आणि दोरा गुंतला होता. लेक ओठ दाबून गाठ सोडवत होती, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी सुई तिच्या हातातून काढून घेतली. "दे इकडे. शाळेला उशीर होईल."

"उद्या ती सासरी गेली की तिकडेही जा हो बटणं लावायला," भांडी पुसता पुसता सासूबाई म्हणाल्या.

एरवी बाई हसल्या असत्या. आज त्यांनी सुई तशीच शर्टात टोचून ठेवली, पर्स उचलली आणि निघाल्या. सासूबाई बोलल्या तेच प्रशिक्षणात सर त्यांना रोज सुनावत होते.

अपघात विभागात बाईंच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणत. देवाने दिलेलंच होतं ते. पण एखादा ज्युनियर जरा अडखळला की बाईंचे हात शिवशिवायचे. "सरक, मी करते." पेशंट वाचायचा, ज्युनियर नुसता बघत राहायचा. माणूस वाचल्यावर त्यात चूक कुणाला दिसणार?

मग त्यांची आई गेली. बाई माहेरी होत्या, तेव्हा परांचीवरून पडलेला एक गवंडी आला. छातीत हवा कोंडून त्याचं फुफ्फुस दबलं होतं. बरगड्यांच्या मधे चीर द्यायची, बोट घालून वाट करायची, नळी सरकवायची. ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरला सगळं तोंडपाठ होतं. चीर त्याने दिलीही. बोट मात्र आत जाईना. आजवर कधी घातलंच नव्हतं. गवंडी टेबलावरच गेला.

बाई परतल्या तर त्याची बायको विभागाच्या दाराशी उभी. रडली नाही, भांडली नाही. "त्याला येत नव्हतं म्हणतात. मग त्याला शिकवायचं कुणी होतं?" बाईंनी फक्त तिचा पत्ता लिहून घेतला.

म्हणून हे प्रशिक्षण, डॉक्टरांना शिकवायला शिकवणारं. बाई पास झाल्या तर रुग्णालयात वर्ग सुरू होणार होता. नाही झाल्या, तर सगळा भार पुन्हा याच दोन हातांवर. आणि हे हात रजेवर गेले की पुन्हा कुणीतरी टेबलावर जाणार.

शिकवायची रीत साधी होती. आधी न बोलता करून दाखवायचं, मग बोलत बोलत. मग शिकणाऱ्याने सांगायचं आणि आपण करायचं. शेवटी त्याने करायचं, आणि आपले हात पाठीमागे. बाई तिथेच नापास झाल्या होत्या. शिकणाऱ्याचा चिमटा घसरला आणि त्यांचा हात पुढे गेला.

"डॉक्टरीणबाई, हात पाठीला टाके घालून शिवून देऊ का?" सर म्हणाले होते. सगळे हसले होते. आजची संधी शेवटची होती.

सरावासाठी ठेवलेल्या रबरी पुतळ्याच्या छातीपाशी शिकणारा म्हणून रुग्णालयाने नेमका त्याच पोरसवदा डॉक्टरला पाठवलं होतं. त्याने मान वर केली नाही. पहिल्या तीन पायऱ्या पार पडल्या. चौथीला त्याने चीर दिली आणि तो थांबला. बोट चिरेशी टेकलं, पुढे सरकेना. कपाळावर घाम आला.

बाईंनी पाठीमागे स्वतःचं मनगट घट्ट धरलं. मनात नामस्मरण चालू होतं. त्यांचं बोट आपोआप वाकत होतं.

"पुढे काय?" त्यांनी विचारलं.

"बोट आत घालून वाट करायची, मॅडम."

"मग कर."

"जमणार नाही मला."

"मी इथेच आहे. तू कर."

बाईंनी मनगट सोडलं नाही. मग त्याने श्वास धरला आणि बोट आत गेलं. पाठोपाठ नळी गेली.

सरांनी मान डोलावली. "झालात पास."

पोरसवदा डॉक्टर हातमोजे काढत पुटपुटला, "मॅडम, असं आधी एकदा जरी..." पुढचं त्याने गिळलं.

"हो," बाई म्हणाल्या. मनगटावर नखांचे वळ उठले होते.

घरी आल्या तर लेकीने शाळेतून येऊन काढलेला शर्ट खुर्चीवर होता. बटण लेकीने शाळेत जाण्याआधी स्वतःच लावलं होतं, तिरकं, दोऱ्याची गाठ वर. बाईंचा हात कात्रीकडे गेला आणि मागे आला.

"चहा टाकू का?" सासूबाईंनी विचारलं. "पास झालीस ना?"

"झाले. चहा जाऊन आल्यावर घेते."

त्यांनी चपला पुन्हा पायात सरकवल्या. गवंड्याच्या बायकोकडे जायचं होतं, तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला.