डेरेकचं इंग्लिश

एकाच टेबलावर चार वर्षं डबे उघडले की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. अमेरिकेतल्या हर्नडनच्या आमच्या ऑफिसात त्यातले निम्मे डेरेकचे. डेरेक इंग्लंडचा, लीड्सजवळचा, पन्नाशीचा सॉफ्टवेअर टेस्टर. अमेरिकन लोक इंग्लिशची वाट लावतात याचा त्याला मनापासून त्रास व्हायचा. ते ऐकून घ्यायला मी एकटीच, कारण पुण्याच्या शाळेत मीही 'कलर' यू घालून लिहायला शिकलेली.

त्या यूने एकदा घात केला. माझ्या कोडमध्ये तो होता, बाकी टीमच्या कोडमध्ये नव्हता. ऐन शुक्रवारी बिल्ड कोसळलं, प्रोग्रॅम चालेना. आमची मॅनेजर लिंडा याला स्पेलिंग मिस्टेक म्हणाली. डेरेक उठून तिच्या क्युबिकलपाशी गेला. "मिस्टेक हिची नाही, तुमच्या देशाची आहे." यू काढावा लागलाच. तोही मलाच.

*

एकदा त्याच्या गाडीतून ग्रोसरीला गेलो. तांदळाची पिशवी उचलत मी म्हटलं, "डिकी उघड ना." तो जागीच थांबला. इथले लोक 'ट्रंक' म्हणतात, इंग्लंडात 'बूट'. 'डिकी' त्याने शेवटचं आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं. मग आठवडाभर त्याने तो शब्द सगळ्यांवर वापरून पाहिला. कोणाला कळला असेल तर शपथ!

*

एका ख्रिसमसला लंडनला उतरल्या उतरल्या त्याने छोटी कॉफी मागितली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, छोटी नसते, 'टॉल' हीच सगळ्यात लहान. हे अमेरिकन इंग्लिश ऐकायला मी विमानाचं तिकीट काढलं होतं का, असं तो आम्हाला जानेवारीभर विचारत होता.

*

दर रविवारी तो इंग्लंडला बहिणीकडे फोन करायचा. तिचा कॉलेजातला मुलगा दिवसभर अमेरिकन मालिका बघायचा. कसा आहेस विचारलं की म्हणायचा, 'आय ॲम गुड.' सोमवारी डबा उघडायच्या आधीच डेरेक सुरू: "मी तब्येत विचारली होती, चारित्र्य नाही." पुढे भाच्याने 'हॉलिडे' सोडून 'व्हेकेशन'चा बेत विचारला, तेव्हा याने फोनच ठेवून दिला. मी अमेरिकेत राहून इंग्रज राहिलो आणि हा लीड्समध्ये बसून अमेरिकन झाला, ही त्याची तक्रार.

*

मग त्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. भेटून दोन वर्षं झाली होती. तिला न कळवताच डेरेक विमानात बसला. काय बोलायचं ते वाटेत ठरवून ठेवलं होतं. हॉस्पिटलात पोचला तेव्हा म्हातारी पडून होती, एका डोळ्यावर पट्टी, दुसरा मिटलेला. पलंगाजवळ गेल्यावर ठरवलेलं सगळं राहिलं आणि तोंडातून एवढंच निघालं: "हेय, हाऊ यू डुइंग?"

आईने मान न वळवताच नर्सला हाक मारली.

"सिस्टर, कोणी अमेरिकन गृहस्थ चुकून माझ्या खोलीत आलेत. त्यांना जरा बाहेरची वाट दाखवा."