लिंकनशायरच्या बाई आणि खरकटी वाटी

नव्वदच्या दशकात आम्ही बहारीनला, उम्म अल हस्सममध्ये राहायचो. मिस्टर मुहर्रकला विमानतळावर टेक्निशियन होते. समोरच्या फ्लॅटमध्ये एक इंग्रज इंजिनिअर आणि त्याची म्हातारी आई. बाई लिंकनशायरच्या एका खेड्यातल्या. जिन्यात भेटल्या की माझं मोडकंतोडकं इंग्रजी शांतपणे ऐकून घेत.

एका बुद्धपौर्णिमेला मी त्यांना वाटीभर खीर दिली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती खरकटीच. कडेला खीर वाळून चिकटलेली. आपल्याकडे वाटी घासून, निदान चिमूटभर साखर घालून परत देतात. मिस्टरांनी ती ओट्यावर पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. गावात त्यांच्या आईला विहिरीवर चढू देत नसत. कुणी वरून ओतलं तरच पाणी मिळायचं. "परत काही पाठवू नकोस," एवढंच ते बोलले.

मी पाठवणं बंद केलं. मग बाईच आल्या. माझ्याकडे बघून त्यांना काय ते कळलं असावं.

"वाटी मी मुद्दाम तशी दिली," त्या म्हणाल्या. "आमच्या गावात थंडीत पाळीपाळीनं एकेका घरी डुक्कर मारायचे. फ्रीज कुठला तेव्हा? ताजं मांस बश्यांतून शेजाऱ्यांकडे जायचं, उरलेलं मीठ लावून वर्षभरासाठी ठेवायचे. मी फडक्याखाली झाकून न्यायचे. आई बजावायची, बशी धुऊ देऊ नकोस. धुतली तर आपलं खारवलेलं मांस टिकत नाही."

"आणि कुणी धुतली तर?"

"धुतली ना एकीनं. दुसऱ्या परगण्यातून आलेली विधवा. चकचकीत करून दिली बिचारीनं. आई रडायलाच लागली. शेवटी तीच तिच्याकडे गेली आणि सगळं समजावून आली. पुढे दोघी जन्माच्या मैत्रिणी झाल्या."

मग मीही त्यांना सासूबाईंच्या विहिरीचं सांगितलं. बाई खुर्चीत बसून राहिल्या. म्हणाल्या, "तुमचे मिस्टर येईपर्यंत थांबते."

मिस्टर ड्युटीवरून आले. बाईंनी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते युनिफॉर्ममध्ये उभ्यानंच ऐकत होते.

"मांस खरंच टिकायचं का?" त्यांनी विचारलं.

"कुठलं! एका वर्षी सगळं नासलं. आईनं बोल मला लावला."

मिस्टर हसले, बूट काढून समोर बसले.

त्यानंतर बाई शुक्रवारी चहाला येऊ लागल्या. आपल्या गावचं सांगायच्या, की लगेच यांच्या गावचं विचारायच्या. विहीर कुणी खोदली, पाणी कोण ओतायचं, आई घरी येऊन काय म्हणायची. मिस्टर हळूहळू बोलायला लागले. आमची मुलगी तिथंच गालिच्यावर बसलेली असायची. आम्ही मराठीत विचारलं तरी ती उत्तर इंग्रजीत द्यायची. तिला मिस्टरांनी हे कधीच सांगितलं नव्हतं. पाहुणीसाठी इंग्रजीत सांगत होते, म्हणून तिलाही सगळं समजलं.

पुढे बाईंच्या मुलाची बदली झाली आणि त्याही त्याच्याबरोबर गेल्या. त्या सुट्टीत आम्ही गावी गेलो, तेव्हा मुलगी आजीचा पदर सोडेना. आजी उठली की ही उठायची. दुपारी सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पोरीला काय झालंय गं? सारखी मलाच पाणी आणून देतीय."