अडुसष्ट आणि एकोणनव्वद

सध्या माझं पोस्टिंग अमेरिकेत, शॉमबर्गला, लेकीकडे. ड्यूटी: नातीला शाळेत सोडणे, आणणे आणि जावयाच्या नव्या छंदावर नजर ठेवणे. त्याआधी सव्वीस वर्षं मी फौजेत आर्मरर होतो, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. सुभेदार म्हणून रिटायर झालो.

जावई समीर नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला, आता इथला सिटिझन. सुट्टीला शूटिंग रेंजवर जातो. त्याला जुनी फौजी रायफल हवी होती, तीही भारतातून आलेली. "बाबा, चला ना यार, एक्स्पर्ट घरात असताना मी यूट्यूब कशाला बघू?" सासऱ्याला यार म्हणतो! पण मला आवडतं.

शनिवारी सकाळी दहाला आम्ही सरप्लसच्या, म्हणजे जुन्या फौजी सामानाच्या दुकानात हजर. दुकानवाली लिंडा, साठीची, कमी बोलणारी. रॅकवर पाच थ्री-नॉट-थ्री होत्या. प्रत्येकीची नळी मी उजेडाकडे धरून आतून पाहिली. दोन गंजलेल्या. एकीचं लाकूड चिरलेलं. चौथी समीरने उचलली. नवं पॉलिश, नवरीसारखी सजवलेली. त्याने बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, मागेपुढे केला.

"बाबा, काय स्मूद आहे! हीच घेतो. ताब्यात मिळाली की लगेच फायर करतो."

मी नंबर पाहिले. रायफलवर एक, बोल्टवर दुसराच.

"ठेव खाली."

"का? मस्त तर आहे."

"दिसतं तसं नसतं. बोल्ट हिचा नाही, आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या रायफलला मापून बसवलेला असतो. गेज लावल्याशिवाय हिच्यातून गोळी उडवायची नाही."

गेज म्हणजे बोल्ट आणि काडतूस यांच्यात फट किती, ते तपासायचं माप. या रायफलचं गेज दुकानात नव्हतं.

"ऑनलाइन सगळे म्हणतात, मिसमॅच चालतो. तुम्ही पण ना बाबा, कशातही खोट काढता." त्याने कार्ड काढलंसुद्धा.

मग मला बोलावंच लागलं. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

ट्रेनिंग सेंटर होतं. मी नवा, अंगात शहाणपण फार. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फायरिंग, चाळीस रायफली साफ करायच्या. वेळ वाचवायला मी सगळे बोल्ट एकाच ट्रेमध्ये रॉकेलात टाकले. असं करायचं नाही, हे उस्तादांनी दहादा बजावलं होतं. बोल्टवर नंबराचे शेवटचे दोन आकडे असायचे, इंग्रजीत. 68 उलटा धरला की 89 दिसतो. मी उलटा धरला. दोन बोल्टांची अदलाबदल झाली. दोन्ही अगदी सहज बंद झाले, म्हणून मी गेज लावलं नाही.

सहा वाजून वीस मिनिटांनी एका रिक्रूटने पहिली गोळी उडवली. आवाज वेगळा आला.

"सीज फायर! सीज फायर!"

काडतूस मागून फुटलं होतं. तुकडा उजव्या डोळ्यातून आत गेला. तिसऱ्या दिवशी मिलिटरी हॉस्पिटलात पोरगा संपला. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी खरं सांगितलं, शिक्षा भोगली. घरी सांगायची मात्र हिंमत झाली नाही. लाज वाटायची. अजून वाटते.

समीरने कार्ड खिशात ठेवलं. लिंडाला त्यानेच इंग्रजीत सगळं समजावलं. तिने ती रायफल विक्रीतून काढली आणि लाल चिठ्ठी बांधून आत नेली. चार दिवसांनी तिचा फोन आला. बंदुका दुरुस्त करणाऱ्या गनस्मिथने नो-गो गेज आत ठेवलं, तर बोल्ट आरामात बंद झाला. व्हायला नको होता; म्हणजे फट जास्त होती.

आम्ही पाचवी घेतली. काळवंडलेली, बोल्ट कडक, पण सगळे नंबर जुळणारे. गनस्मिथ तिला गेज लावताना मी शेजारी उभा होतो. बोल्ट अडला. बरं वाटलं.

पुढच्या रविवारी रेंजवर समीरने पाच गोळ्या झाडल्या. पाचवीनंतर मी श्वास सोडला. त्याने रायफल रिकामी करून खाली ठेवली, चष्मा काढला आणि माझ्याकडे वळला.

"बाबा, त्या पोराचं नाव काय होतं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या टाचा आपोआप जुळल्या.

"रिक्रूट विलास शेलार. वय एकोणीस. नेम फार चांगला होता रे त्याचा."