अठ्ठेचाळीस-सोळा

साडूवर मी सूड उगवला तो दोन आकड्यांनी. पुढच्या चक्राला अठ्ठेचाळीस दाते, मागच्याला सोळा. लोकांना वाटतं, सायकलचा गिअर निवडणं म्हणजे फक्त पायांचा प्रश्न. चढाला हलका, सपाटीला जड. तेवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

आधी डूख का धरला ते सांगतो. मी नगरच्या एमआयडीसीत एका लहानशा कारखान्यात गिअर कापतो. वीस वर्षं हेच काम. माझी सायकल फिक्स आहे, म्हणजे मागचं चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. उतारावर पाय मोकळे सोडून आराम करायची सोय नाही. गिअर एकच. पुढे सेहेचाळीस, मागे सतरा, आणि मागचं चक्र मी स्वतः कापलेलं. साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, मूळचा राहात्याचा, नगरात गाड्यांच्या शोरूमला मॅनेजर. त्याची सायकल बावीस गिअरची. इतकी हलकी की तो ती दोन बोटांवर उचलून दाखवतो, आणि कुणी विचारलं नाही तरी दाखवतो.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आम्ही दोघं पाथर्डीला जाऊन आलो. येताना करंजीचा घाट चढायचा होता. फिक्सवर चढाला एकदा थांबलं की पुन्हा निघणं मुश्कील, म्हणून मी उभा राहून एकेक पायडल दाबत, दात ओठ खात चढलो. मधल्या एका वळणावर साहेब कठड्याला टेकून उभे. तोंड उघडं, बावीसच्या बावीस गिअर संपलेले. मी न थांबता पुढे गेलो. बोलायला दमच नव्हता. वर पोचलो आणि पाऊण तास त्याची वाट बघत बसलो.

दिवाळीत सासरवाडीला फराळाला बसलो असताना त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "आमचे साडूभाऊ लई हुशार. घाट लागला तशी सायकल टेम्पोत टाकली, आणि वर जाऊन माझीच वाट बघत बसले." घर हसलं. मीही हसलो, कारण मला वाटलं आता हा म्हणेल, गंमत केली. तो म्हणाला नाही. शांतपणे चकली मोडून खाल्ली.

तेव्हापासून मी टेम्पोवाले दाजी. मेव्हण्याने फोन उचलला की, "काय टेम्पोवालं, बरं हाय का?" लग्नकार्यात सासूबाईंची भावजय विचारणार, "आज टेम्पो मिळाला न्हाई वाटतं?" मी दहा वेळा सांगून पाहिलं. जितकं सांगावं तितके लोक जास्त हसत. एकट्या माझ्या बायकोने कधी तो शब्द तोंडातून काढला नाही. "आमचे हे खोटं बोलत नाहीत," असं ती तिच्या सख्ख्या बहिणीला तोंडावर म्हणाली, आणि त्यावरून दोघी महिनाभर बोलत नव्हत्या. मला पुरस्कार नको होता. त्या माणसाला एकदा, सगळ्यांसमोर, तोंडावर पडलेलं बघायचं होतं.

आणि देवाने तो त्याच्याच पायांनी माझ्या दारात आणून उभा केला. तेरड्याचा रंग तीन दिवस, तसे त्याचे छंद. कुठल्यातरी व्हिडिओत पोरं फिक्स सायकलवर मागचं चाक फरपटत थांबताना त्याने पाहिली होती. अंगाचा भार पुढे टाकायचा, पायडल पायांनी जागच्या जागी आवळून धरायची, की मागचं चाक फिरायचं बंद होऊन डांबरावर घासत जातं. त्याने नवी फिक्स घेतली आणि चहाचा घोट घेत मला म्हणाला, "साडूभाऊ, दात्यांतलं तुमच्याइतकं कुणाला कळतं? सांगा, पुढे-मागे काय टाकू?"

आमच्या शॉपमध्ये एक चाचा होते. मला गिअर कापायला त्यांनी शिकवलं. ते म्हणायचे, एकच दात एकाच दाताला रोज भेटला की खातो. म्हणून सोळा दात्यांच्या गिअरला जोडीला अठ्ठेचाळीसचा द्यायचा नाही. सत्तेचाळीसचा द्यायचा, म्हणजे प्रत्येक दात फिरून सगळ्यांना भेटतो आणि झीज वाटली जाते. सायकलीत हाच न्याय टायरला लागतो. अठ्ठेचाळीसला सोळाने भागलं की बरोबर तीन. पायडलचा एक फेरा, चाकाचे नेमके तीन. म्हणजे उजवा पाय पुढे धरून कितीही वेळा फरपटलात, तरी दर वेळी टायरचा तोच चार बोटं तुकडा डांबरावर येणार. माझ्या सेहेचाळीस-सतराला सतरा वेगवेगळ्या जागा झिजतात. त्याच्या टायरला एकच जागा.

"अठ्ठेचाळीस-सोळा," मी म्हणालो. "बरोब्बर तीन. तुमच्यासारख्याच्या मांड्यांना शोभेल."

मांड्यांचं ऐकून तो खूश झाला. पुढचा ब्रेक काढायचा म्हणत होता, ते मात्र मी होऊ दिलं नाही. मला त्याचा जीव नको होता, इज्जत हवी होती.

नंतरचे दोन महिने मी जितका आनंदात होतो तितका लग्नातही नव्हतो. दर रविवारी आम्ही चांदबीबीच्या महालावर जायचो. उतरताना तो चार जणांसमोर चाक फरपटून दाखवायचा, नेहमी उजवा पाय पुढे. मी म्हणायचो, "वा! पुन्हा एकदा करा बरं." वर चहा पिताना त्याच्या सायकलीशेजारी टेकून मी टायरवर अंगठा फिरवायचो. आधी नक्षी गेली. मग जागा गुळगुळीत झाली. मग अंगठ्याला रबराखालचे दोरे लागायला लागले. त्याला काय कळतंय? तो सायकल पुसायचाही नाही. मी रात्रीचं जेवण दोन घास जास्त जेवत होतो.

अधिक महिना आला आणि सासरवाडीहून धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. गाव पारनेरकडचं, सुप्याहून आत. बायका आदल्या दिवशी एसटीने गेल्या. आम्ही जावई सकाळी सायकलींवर निघालो. कल्पना त्याची. "यंदा टेम्पो नको हं साडूभाऊ," तो पहिल्याच चौकात म्हणाला. मी गोड हसलो.

सुप्याचा फाटा सोडून आत वळलो. गाव आठ-नऊ किलोमीटर राहिलं असेल. एक शेळी आडवी आली, त्याने सवयीने पाय आवळले, आणि मागचा टायर फटाक्यासारखा वाजला. पठ्ठ्या बाजूच्या मुरमात बसला. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. टायरला तीन बोटांचं भोक, कडा दाढी केल्यासारख्या पातळ. त्याच्याकडे जादा ट्यूब होती, पण अशा भोकातून ती लगेच बाहेर येऊन फुटणार. आतून जुन्या टायरचा तुकडा लावला की घरापर्यंत काम भागतं. तसा तुकडा माझ्या पिशवीत होता. मी पिशवीची चेन उघडली नाही.

"टेम्पो बघू का एखादा?" मी विचारलं. हा प्रश्न मी दोन महिने मनात घोळवला होता.

त्याने सायकल उभी केली. मग म्हणाला, "नको. चालत येतो. तुम्ही व्हा पुढं."

मी पुढे झालो. अर्ध्या किलोमीटरवरून मागे वळून पाहिलं. कांद्याचा एक रिकामा टेम्पो त्याच्याजवळ थांबला होता, ड्रायव्हरने हात बाहेर काढून काहीतरी म्हटलं, आणि साडूने मान हलवून त्याला पुढे घालवलं. तो टेम्पो हॉर्न देत माझ्या शेजारून गेला तेव्हा मला इतका राग आला! माझं सगळं नियोजन त्या हलवलेल्या मानेने पाण्यात गेलं होतं.

सासरवाडीच्या दारात मेव्हणा उभा होता. "थोरलं दाजी कुठं?"

"टायर फुटला," मी म्हणालो. आणि मग, आवाज अजिबात न बदलता, "टेम्पोत बसलेत. येतीलच."

घर दणाणलं. वर्षभराचं सगळं हसू एका क्षणात माझ्या अंगावरून उठून त्याच्याकडे गेलं. मेव्हण्याने मला पाठीवर थाप मारली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसली, आणि तिचं ते हसू बघून मला वाटलं, झालं, फिटलं.

दीड-पावणेदोन तासांनी साडू आला. सायकल हाताने ढकलत, शर्ट पाठीला चिकटलेला. "आलं आलं, टेम्पोवालं आलं! गावाच्या फाट्यावर उतरला का काय?" मेव्हणा ओरडला. साडूने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सायकल भिंतीला टेकवली. टेम्पोत बसलोच नाही असं सांगून उपयोग होत नाही, हे माझ्याइतकं त्यालाही ठाऊक होतं.

धोंड्याला जावयांचे पाय धुवायची तिथली रीत. सासरे तांब्यातून पाणी घालतात, सासूबाई परातीत पाय धुतात. आधी थोरल्याचे. त्याचे बूट सायकलचे, तळाला लोखंडी पट्टी बसवलेले, त्यांत शंभर पावलं चालणंही कठीण. मोजा काढताना टाचेला चिकटला. सासूबाईंनी तो पाण्याने भिजवून हळूच सोडवला. दोन्ही टाचा सोललेल्या, अंगठ्याखाली फोड फुटलेले. परातीतलं पाणी तांबूस झालं.

त्यांनी मान वर केली. "टेम्पोत बसल्यावर असं पाय फुटत्यात व्हय, पाव्हनं?"

"चालत आलो, आई," साडू म्हणाला. एवढंच.

सासूबाईंनी परात बदलली, माझेही पाय धुतले, पुसले, कुंकू लावलं. माझ्या पायांना पुसायसारखं काही नव्हतं. टॉवेल घेऊन बायको मागे उभी होती.

जेवण झालं. पुरणाचे धोंडे, अनारसे, जावयांना कपडे. मेव्हणा कुणालाच टेम्पोवाला म्हणत नव्हता. ऊन उतरल्यावर मी परत निघायला म्हणून मागच्या अंगणात चाकात हवा भरत होतो. बायको अनारश्यांचा डबा घेऊन आली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "करंजीचा घाट. तो तरी खरंच सायकलवर चढला होतात ना तुम्ही?"

"हो," मी म्हणालो. ते खरं होतं. माझ्या मांड्यांना, छातीला, त्या वळणावरच्या कठड्याला ठाऊक होतं. पण सकाळी दारात टेम्पोचं सांगितलं तेव्हाचा आणि हा आवाज अगदी एक होता. तो मलाही ऐकू आला, आणि तिलाही.

तिने डबा माझ्या पिशवीत ठेवला, चेन लावली आणि आत गेली.