ढोलीतल्याची चाल

आमच्या नात्यागोत्यात गोष्ट सांगायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघतात. दुसऱ्या कुठल्या कामाला मला कोणी बोलावत नाही, हेही खरं. दारव्ह्यात माझं शिलाईचं दुकान आहे. शाळेचे गणवेश जूनमध्ये द्यायचे, ते मी ऑगस्टात देतो. उशिराची कारणं सांगता सांगताच मला गोष्टी जमायला लागल्या, असं बायकोचं म्हणणं आहे.

म्हणून पोळ्याच्या आधी नेरजवळच्या खेड्यातून धाकट्या बहिणीचा फोन आला, तेव्हा मी जरा फुशारलोच.

"भाऊ, पोरगी पंधरा दिवसांपासून शाळेत नाही जाऊन राह्यली. काहून, ते सांगत नाही. तुम्ही या. तुमचं ऐकते ते."

भाची आठ वर्षांची. तिची उंची इतर मुलांसारखी वाढणार नाही, हे ती दीड वर्षाची असतानाच डॉक्टरांनी सांगितलं होतं. हातपाय आखूड, कपाळ मोठं, चालताना डुलते. डोकं मात्र असं की मी पाढे म्हणायला लागलो तर मध्येच थांबवून चूक दाखवते. तिचा गणवेश मीच शिवतो. दुसऱ्या कोणाला तिचं माप जमत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असतो.

आता ढोलीतल्याबद्दल सांगायला हवं. वीसेक वर्षांपूर्वी एका लग्नात पोरांचा फार गोंधळ चालला होता. त्यांना गप्प बसवायला मी ही गोष्ट रचली. मोहाच्या झाडाच्या ढोलीत एक बुटका राहतो आणि रात्री मुलांची झोप चोरून गाडग्यात भरून ठेवतो. बुटकाच का? मी विचारच केला नव्हता. लहानपणी पाहिलेल्या सिनेमांत खलनायकाच्या अड्ड्यावर एक बुटका हमखास असायचा, चिरक्या आवाजात हसायचा. वाचलेल्या गोष्टींतही खजिन्यावर बसलेला कपटी माणूस हातभरच उंच. मी तिथलंच तयार कापड उचललं. खरा असा माणूस तोवर मी जवळून पाहिलेलाही नव्हता.

वर मी त्याची चालही बसवली होती. गुडघ्यांत कॅनव्हासचे बूट अडकवायचे, वरून लुंगी सोडायची आणि डुलत डुलत, जीभ बाहेर काढून, कानामागे हात धरून कोण झोपलंय ते ऐकत फिरायचं. मोठी माणसंसुद्धा डोळे पुसत हसायची.

भाची झाल्यावर गोष्ट बंद केली का? नाही. मनातच आलं नाही. ढोलीतला तो ढोलीतला, आणि ही आमची पोरगी. माझ्या डोक्यात ती दोन वेगळ्या खणांत होती.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी पोचलो. पोरं आपापले लाकडी बैल ओढत घरोघरी फिरून आली आणि बहिणीच्या ओसरीत जमली. गल्लीतल्या सगळ्यांचा मी मामा.

"मामा, ढोलीतला सांगा."

भाची बैल पोटाशी धरून माझ्या मांडीला टेकली होती. सांगायला तोंड उघडलं आणि खाली तिचं डोकं दिसलं. इतक्या वर्षांत ते दोन खण पहिल्यांदाच एकमेकांना लागले.

"मोहाच्या एका ढोलीत," मी म्हणालो, "एक उंच माणूस राहायचा. ताडाएवढा."

"ताडाएवढा ढोलीत कसा मावन?" एकाने विचारलं.

"वाकून राहायचा."

"काही पण. बुटका व्हता तो."

"बुटकाच," बाकीचे म्हणाले. आणि माझ्या मांडीजवळून भाची समजुतीच्या सुरात बोलली, "मामा, मोठ्या डोक्याचा बुटका व्हता. तुम्ही इसरून राह्यले."

"मंग चालून दाखवा," गल्लीतला एक म्हणाला.

"गुडघे दुखतात रे माझे."

"मंग हे दाखवते," भाचीकडे बोट करून तिचा मोठा भाऊ म्हणाला. "शाळेत मधल्या सुट्टीत हेच तं करे."

भाचीने बैल खाली ठेवला आणि उठली. तिची स्वतःची चाल मला ठाऊक आहे. साधी आहे, जरा घाईची. ही ती नव्हती, ही माझी होती. खांदे टाकलेले, जीभ बाहेर, कानामागे हात. बूट आणि लुंगी नसताना तिने ती माझ्यापेक्षा सरस केली. ओसरी हसून लोळत होती. मीही हसत होतो. लक्षात आलं तेव्हा तोंड मिटता मिटेना. दारात बहीण भज्यांचं ताट घेऊन उभी होती, ती हसत नव्हती.

स्वयंपाकघरात तिने मुलाला समोर उभं केलं. तो सहज सांगत होता, त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटतच नव्हतं.

"पह्यले हे करून दाखवे, सगळे हासत. मंग पहिलीतले पोट्टे भ्याले. तिच्या बाजूले कोणी बसत नाही आता. झोप चोरते म्हणे. तिले ढोलीतलाच म्हणतात."

"अन् गोष्ट कोणं सांगतली त्यायले?"

"म्या. मामाची हाय म्हनून."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "भजे घ्या भाऊ, थंडे होतात," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाचीला एकटीला ओसरीत बसवलं. नवी गोष्ट सांगितली. ढोलीतला चोर नव्हताच. वाऱ्यावर उडालेली झोप तो गाडग्यात जपून ठेवायचा आणि ज्यांना झोप येत नाही त्यांच्या उशाशी नेऊन द्यायचा. सगळं गाव त्याच्यामुळे झोपायचं. मी घाम गाळून सांगितली. बुटाविना, चालीविना, आयुष्यात पहिल्यांदा मनापासून. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. पाहुण्याचं मन राखावं तसं शेवटपर्यंत ऐकलं.

"मामा, असा नसते."

"काहून?"

"बुटका असा नसते. तुम्हीच तं सांगतलं व्हतं."

 मी विषय बदलला. म्हटलं, चल, तयार हो, मी येतो शाळेत सोडायला. ती गणवेशाचा गेल्या वर्षीचा फ्रॉक घालून आली. तो गुडघ्याच्या वर गेला होता.

"दोन बोटं वाढली ते औंदा," बहीण म्हणाली. "दुमड सोडा ना भाऊ."

प्रत्येक पोराच्या गणवेशाला मी खाली चार बोटं दुमड ठेवतो, पुढच्या वर्षी सोडायला. हिच्या फ्रॉकला ठेवली नव्हती. वाढणार नाही म्हणून कापड सरळ कापून टाकलं होतं. भाचीने घेर उलटा करून मला दाखवला. तिला ते आधीच माहीत होतं.

"माह्यालेच नाही," ती म्हणाली आणि आत जाऊन फ्रॉक काढून ठेवला. पुन्हा बाहेर आली नाही.

तो फ्रॉक मी दारव्ह्याला आणला, खाली पट्टी जोडली. जुनं कापड विटलेलं, नवं गडद. जोड लांबूनही दिसतो. खाली दुमडही ठेवली, आठ बोटं. एसटीने पाठवून दिला. दिवाळीत बहिणीचा फोन आला, भाऊबिजेचं विचारायला. फ्रॉकचं मीच विचारलं.

"ठेवला हाय पेटीत, तसाच," ती म्हणाली.