विरजणाचं इंजेक्शन
हिर्डोशीच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे आणि मी तिथली आशा कार्यकर्ती, घरोघरी जाऊन गरोदर बायकांकडे बघणारी. माझ्या तोंडाला कुणी लागत नाही म्हणतात. खरं असावं. पण माझ्याच तोंडच्या एका शब्दानं एकदा घात होता होता राहिला.

जनावरं राखणाऱ्या एका घरातली सून दुसऱ्यांदा गरोदर होती. तिचं पहिलं बाळ दुसऱ्याच दिवशी अंगावर पिईना झालं, धापा टाकू लागलं आणि गेलं. सासूनं खापर सुनेवर फोडलं. म्हणून या खेपेला नववा लागल्यावर भोरच्या डॉक्टरीणबाईंनी तिची खालून तपासणी करून घेतली, तर रिपोर्टात जंतू निघाले. त्यांचा बाईला त्रास नसतो, पण बाळंत होताना ते बाळाला लागू शकतात. कळा सुरू झाल्या की शिरेतून औषध द्यायचं, आणि बाळ यायच्या आधी चारेक तास तरी ते सुरू झालेलं बरं. म्हणजे पहिल्या कळेलाच घर सोडायला हवं.

मी तिच्या सासूबाईंना एवढंच सांगितलं, "सुनंला जंतू हायेत, मावशी. कळा आल्या की लगेच निघायचं."

आठवड्यानं गेले तर मावशी खुशीत. "आता घाई न्हाई. वावडिंग उकळून दिलंया. समदं जंत पडलं असतील."

मी कपाळावर हात मारला. माझ्या 'जंतूं'चे त्यांनी पोटातले जंत केले होते, आणि गरोदर बाईला न चालणारं वावडिंग दिलं होतं! आधी त्यांचा राग आला, मग स्वतःचा. सुनेनं काढा गुपचूप उकिरड्यावर ओतला होता, हे नशीब.

मावशी तेव्हा धार काढून उठत होत्या. मी विचारलं, "कालच्या ताकाच्या बरणीत हे दूध ओतलं तर?"

"इरजंल की."

"आन् बरणीला काय हुतंय?"

"बरणीला काय व्हायचंय?"

"मग बरणीचा काय गुन्हा?"

बाईला बरणी म्हटल्याचं मला आजही बरं वाटत नाही, पण त्या घरात दुसरं काही पटलं नसतं. मावशींनी हातातली दुधाची चरवी खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी पयल्या येळी बी..." मी म्हटलं, "तसंच असंल. ते औषिद म्हंजी बरणीत आधण ओतल्यागत." सून दारातून ऐकत होती.

भात झोडणीच्या दिवसांत एका सकाळी तिला पहिली कळ आली. खळ्यावरच्या बायका म्हणाल्या, "आत्ताच कुठं निगता? कळा जोरात येऊंद्यात." मावशींनी हातातली पेंढी टाकली, मला हाक मारली आणि दुधाचा टेम्पो रस्त्यात आडवं उभं राहून थांबवला. रिपोर्टाची पिशवी त्यांनी पोटाशी धरली होती.

दवाखान्यात नवीन नर्सबाई म्हणाल्या, "अजून वेळ आहे, जरा फिरवून आणा."

"फिरवायचं मागनं बगू," मावशी कडाडल्या. "आदी इरजणाचं इंजेक्शन द्या माझ्या सुनंला!"

"कसलं इंजेक्शन?" नर्सबाईंनी मला विचारलं. मी रिपोर्ट पुढे केला आणि पदरात तोंड लपवून हसले. डॉक्टरीणबाईंनी फोनवर होकार दिला आणि औषध सुरू झालं. माझ्याहून वरचढ तोंडाची एक बाई त्या दिवशी तयार झाली होती, आणि ती मी तयार केली होती. एवढा अभिमान मला कुठल्या सत्कारात वाटला नाही.

संध्याकाळच्या आत मुलगी झाली. दुसरा दिवस मावशींनी खाटेशेजारी बसून काढला, पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी मी गेले तर पोरगी चुटूचुटू पीत होती. मावशी सुनेचे केस विंचरत होत्या. माझ्याकडे न बघता त्या तिला म्हणाल्या, "पयल्या बाळाच्या येळी म्या तुला लई बोलले. तुजा काय बी गुन्हा नव्हता, पोरी."