राईतली खोटी शीळ

आकाराम सपकाळ पलटणीच्या बँडात सतरा वर्षं क्लॅरिनेट वाजवून गावी परतले, तेव्हा वाद्य तिकडंच जमा करून आले होते. ते सरकारी. मग आकारामतात्या तोंडानं शीळ घालू लागले. गोठा झाडताना, भाताच्या खाचरात, आडावर पाण्याला उभे असताना. मी एक्क्याण्णव साली पाटण तालुक्यातल्या पाथरवड्याच्या शाळेवर शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या मुलांनी मला सांगितलं, "बाई, आमच्या तात्यास्नी पाखरू उत्तर देतं."

ते पाखरू म्हणजे कस्तूर. मैनेपेक्षा जरा मोठा, काळानिळा, कपाळावर निळी चकाकी. ओढ्याकाठच्या दाट सावलीत राहतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर पहाटे अशी शीळ घालतो, की कुणी माणूस आपल्याच नादात चाललाय असं वाटावं. पूर्वी त्या खोऱ्यात प्रत्येक ओढ्याला कस्तूर होता म्हणे. कोळशाच्या भट्ट्यांसाठी झाडं गेली, ओढे उघडे पडले आणि कस्तूर उरला तो फक्त आमच्या गावच्या भैरोबाच्या राईत, देवाची म्हणून राखलेल्या झाडीत.

ब्याण्णव साली कोळशाच्या ठेकेदाराची माणसं राईच्या कडेला कुऱ्हाडी घेऊन आली. मी वाईत वाढलेली, मला वाटलं आता अर्ज-विनंत्या सुरू होतील. पण धोंडुबाई नावाच्या, साठीच्या पुढच्या एक विधवा बाई होत्या, त्या सरळ जाऊन एका जांभळाच्या बुंध्याला पाठ लावून बसल्या. त्यांच्या मागोमाग वाडीतल्या सगळ्या बाया. तिसऱ्या दिवशी माणसं परत गेली. मग देवळात बैठक झाली आणि सरपंच लालासाहेबांनी ठराव केला, की राईतून वाळकं लाकूडसुद्धा कुणी आणायचं नाही, गुरं आत सोडायची नाहीत. चुलीच्या लाकडासाठी बायकांना आता दोन मैल लांब पठारावर जावं लागायचं. धोंडुबाईही जायच्या. गुडघे धरत जायच्या.

दर जूनला कस्तुराची गणती करायची, ही कल्पना माझी. पहाटे पाच ठिकाणी माणसं बसायची, शीळ ऐकू आली की खूण करायची आणि मी देवळाच्या पायरीवर बसून शाळेच्या वहीत टिपायची. त्र्याण्णवला दोन नर मिळाले. चौऱ्याण्णवला एकच. राईच्या वरच्या टोकाला धबधब्याच्या कपारीत त्याचं घरटं असे, आणि तिथं बसायचा मान आकारामतात्यांचा.

पुढच्या मे महिन्यात काय झालं ते मला फार नंतर, त्यांच्याच तोंडून कळलं.

सांगलीचे हळदीचे एक व्यापारी, शरच्चंद्र नावाचे, भैरोबाच्या दर्शनाला आले आणि तात्यांच्या घरी उतरले. त्यांना पक्ष्यांचा शौक. घरी पिंजरे होते. संध्याकाळी अंगणात त्यांनी तात्यांची शीळ ऐकली, आणखी दोनदा घालायला लावली. मग म्हणाले, "तात्या, हे असं रानात वाया घालवू नका. सांगलीच्या रेडिओवर माझ्या ओळखीचे लोक आहेत. तुमची शीळ सगळ्या महाराष्ट्राला ऐकवू."

बँडात तात्या नेहमी दुसऱ्या रांगेत. त्यांना एकट्यानं वाजवायला कधीच मिळालं नव्हतं. सतरा वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं.

"आणि तो कस्तूर खरंच येतो तुमच्या हाकेला?" शरच्चंद्रांनी विचारलं.

"येतो म्हंजे? समोर यून बसतो."

दुसऱ्या दिवशी उजाडताना ते राईत गेले. सोबत शरच्चंद्रांचा एक नोकर होता आणि त्याच्या खांद्यावर पिशवी. "पिशवीत जाळं हाय हे मला दिसलं व्हतं बाई," तात्या मला म्हणाले. "ठाऊक न्हवतं म्हनलो तर खोटं हुईल." ते धबधब्याजवळ बसले आणि शीळ घातली. कस्तूर आला. ओल्या कातळावर बसला, शेपूट पसरलं आणि उत्तर दिलं. तात्यांना वाटत होतं, एवढ्यावर भागेल, बघतील आणि जातील. नोकर पुढं सरकला तेव्हा नुसती शीळ थांबवली असती तरी पाखरू उडून गेलं असतं. त्यांनी थांबवली नाही. शरच्चंद्र डोळे मिटून ऐकत होते आणि तात्यांना ते फार बरं वाटत होतं.

जाळं पडल्यावर शरच्चंद्र म्हणाले, "एकच नेतो. दुसरा येईल." तात्यांनी मान डोलावली.

दुसरा आला नाही. चार दिवस मादी कपारीजवळ दिसली, मग तीही दिसेनाशी झाली.

जूनमध्ये गणतीचा दिवस आला. त्या वर्षी साताऱ्याहून वनखात्याचे साहेब येणार होते. राई गावाच्या राखणीत ठेवायची का, हे त्यांच्या अहवालावर ठरायचं होतं. सगळं गाव देवळाशी जमलं. फटफटलं. खालच्या चारही ठिकाणांहून खूण येईना. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. लालासाहेबांचा चेहरा उतरला. धोंडुबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

आणि वरून, धबधब्याकडून, शीळ आली. लांब, वळत वळत, अगदी स्वच्छ.

धोंडुबाईंनी राईकडं तोंड करून हात जोडले. साहेब हसले. मी वहीत लिहिलं, 'नर एक, पाच वाजून बावन्न मिनिटं, धबधबा.'

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी. कस्तुराची शीळ भटकत जाते, ती कुठं संपेल याचा अंदाज लागत नाही. त्या दिवशीची शीळ शेवटी ठेक्यावर येऊन थांबली, जसं बँडातलं गाणं थांबतं. ते माझ्या लक्षात आलं होतं. पेन क्षणभर अडलं होतं. मग मी लिहिलं.

राई गावाकडं राहिली. पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात कस्तुराची राखण केली म्हणून तात्यांना शाल आणि नारळ दिला. त्यांच्या पत्नी विजयमालावहिनी मला पुढं सांगत होत्या, की शाल त्यांनी घरी नेऊन धान्याच्या कणगीमागं टाकली आणि त्या दिवसापासून शीळ घालणं बंद केलं. जेवायला बसले तरी ताटावरून अर्धपोटी उठायचे.

गणपतीच्या आधी एका दुपारी धोंडुबाई पठारावरून मोळी घेऊन येताना तात्यांच्या दारात टेकल्या. पायात काटा मोडला होता. तात्यांनी पाणी दिलं. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "आकाराम, लय चालावं लागतंय बग. पर गनतीच्या पहाटं तुजं पाखरू वरडलं आन् वाटलं, चाललेलं काय फुकट गेलं न्हाई."

तात्या तसेच उठून शाळेत आले. मी मुलांना सोडत होते. वर्ग रिकामा झाल्यावर ते शेवटच्या बाकाशी उभे राहिले आणि सगळं बोलले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. शेवटी म्हणाले, "बाई, ती शीळ मी घातली. पाखरू सांगलीला हाय."

माझ्या तोंडून निघालं, "मला वाटलंच होतं."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "मग लिवलं का?"

मी टेबलावरचे खडू डब्यात भरायला लागले.

रविवारी देवळात बैठक बोलावली. तात्या उभे राहून बोलले, एकही गोष्ट लपवली नाही. रेडिओचंसुद्धा सांगितलं. ते सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला, की मागच्यांनी विचारलं, काय म्हनला? त्यांना ते पुन्हा सांगावं लागलं.

कुणी शिवी दिली नाही. लालासाहेब म्हणाले, "तात्या, तुमी मिलिट्रीतलं मानूस. आमी तुमाला राखनीला बसवलं व्हतं." एवढंच. धोंडुबाई उठल्या. "मी लाकडं लांबनं आनली ती कशापायी रं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर न ऐकता निघून गेल्या. माणसं एकेक करून उठली. तात्या उभेच.

मी वही मांडीवर घेऊन बसले होते. तेव्हा मला बोलता आलं असतं, की मलाही संशय आला होता. सगळ्यांची नजर त्यांच्यावर होती आणि मी ती तिथंच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना पत्र लिहून खरं कळवलं. पत्रातही तात्यांचंच नाव होतं.

त्या आठवड्यात तात्या आणि मी एसटीनं सांगलीला गेलो, कराडला गाडी बदलून. बाजारातल्या शरच्चंद्रांच्या घराच्या उंबऱ्यावर, पायऱ्यांवर हळदीची पिवळी धूळ होती. माडीवर पिंजरे टांगलेले. कस्तूर कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात खाली बसला होता. गजांवर डोकं आपटून कपाळावरची निळी पिसं गेली होती आणि तिथं कातडी दिसत होती. शेपूट झिजलं होतं.

"गातच नाही हो," शरच्चंद्र म्हणाले. "आल्यापासून एकदाही नाही. काजू घातले, किडे घातले." त्यांच्या बोलण्यात मगरुरी नव्हती. आम्ही का आलो ते कळल्यावर त्यांनी स्वतः पिंजरा उतरवून दिला. रेडिओचा विषय त्यांनीही काढला नाही, तात्यांनीही नाही.

परतीच्या गाडीत तात्यांनी पिंजरा मांडीवर घेतला, वर धोतराचं फडकं टाकलं. कंडक्टरनं विचारलं, कोंबडी हाय का? तात्या म्हणाले, "न्हाई, गावाचं पाखरू हाय."

राईत पिंजऱ्याचं दार उघडल्यावर कस्तूर कितीतरी वेळ बाहेर आला नाही. आला तो उडाला नाही, उड्या मारत कारवीच्या जाळीत शिरला. आठवडाभर तो ओढ्यात खेकडे शोधताना गुराख्यांना दिसला. मग पाऊस वाढला आणि कुणालाच दिसला नाही.

साताऱ्याहून उत्तर आलं. राई गावाकडंच राहील, पण यापुढं गणतीला खात्याचा माणूस सोबत बसेल. लालासाहेबांनी ते बैठकीत वाचून दाखवलं, तेव्हा सगळं गाव खाली बघत होतं.

शहाण्णवच्या गणतीला तात्या वर गेले नाहीत. देवळासमोर, सगळ्यांना दिसेल असे बसले आणि सगळा वेळ तोंडावर हात धरून होते. काहीच ऐकू आलं नाही. मी शून्य लिहिलं.

सत्त्याण्णवला मात्र वरून शीळ आली. खात्याचा माणूस धबधब्याशीच होता, त्यानं डोळ्यांनी पाहिला. तोच कस्तूर की दुसरीकडून आलेला, हे कुणाला सांगता येणार? तात्या त्याही वर्षी देवळासमोर तोंडावर हात धरून बसले होते, तो त्यांनी काढला नाही. धोंडुबाई त्यांच्यापासून चार हातांवर उभ्या होत्या. दोन वर्षं त्या त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. "आला रं," त्या म्हणाल्या. बोलल्या त्यांच्याशी, की राईकडं बघून आपल्याशीच, ते मला कळलं नाही. तात्यांनी मात्र मान खाली घातली आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

अठ्ठ्याण्णवला माझी बदली झाली. निघायच्या आधी मी तात्यांकडं गेले आणि म्हटलं, "माझ्या संशयाचं मी आज गावाला सांगून जाते."

ते सुतळी वळत होते. वळता वळता म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. तुमच्या शब्दावर पोरं शिकली हायती. त्येंचं मन कशाला मोडायचं?"

मी थोडा वेळ बसले. विजयमालावहिनींनी चहा दिला, तो प्याले. तात्यांनी मोठ्या मनानं सोडलं होतं, आणि ते इतक्या चटकन स्वीकारताना मला लाज वाटली. तरी मी ते स्वीकारलं. दुपारच्या गाडीनं निघाले. वही नव्या बाईंच्या हाती दिली. त्यात पंच्याण्णवच्या नोंदीवर मी काट मारून शेजारी लिहिलं होतं, 'आकाराम सपकाळ यांची शीळ, पक्षी नाही.' त्याखाली अजून एक ओळ मावेल एवढी जागा होती.